डोळ्यांमधलं अंतर

"आबा, डोळे आत खुपसू नका," असं म्हणत पुनमने वडिलांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि हलकेच मागे ओढलं.

ज्ञानेश्वरच्या भुवयांखाली काळ्या रबराचे दोन गोल वळ उमटले होते. त्याने ते बोटांनी चोळले आणि समोरच्या दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्राकडे घरात आलेल्या नव्या जावयाकडे पाहावं तसं पाहिलं. आदर होता, विश्वास नव्हता.

"काय दिसलं?"

"दोन."

"दोन काय?"

"दोन चांद. अन् मधी काळं. एका चांदात खडा, दुसऱ्यात नुसती लाख."

पुनम हसली. तिने त्याच्या हाताखालची पितळी पट्टी सरळ केली. पट्टी लाखेच्या गोळ्यावर पक्की बसवली होती आणि तिच्या छिद्रांत सरावासाठी काचेचे बारीक खडे ठेवले होते. "मलाही पहिले काही दिवस दोनच दिसायचे. रडकुंडीला आले होते मी. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, यंत्र चांगलंय, तूच डोळे वटारून बसतेस. हे बघा, या दोन नळ्या अशा जवळ येतात, अशा लांब जातात. तुमच्या डोळ्यांमधलं जेवढं अंतर, तेवढंच यांच्यात पाहिजे. दोन चांदांचा एक होईपर्यंत सरकवायच्या. मग डावा डोळा मिटून उजव्याने साफ दिसेल असं करून घ्यायचं, आणि नंतर उजवा मिटून डाव्या नळीचं हे कडं फिरवायचं. चष्मा काढून ठेवा. आणि डोळा काचेला टेकवायचा नाही, बोटभर मागेच ठेवायचा."

"मागून कसं दिसंल?"

"दिसतं. तुम्ही काचेत बघू नका. काचेतून पार लांब बघताय असं बघा. गच्चीवरून लळिंगचा किल्ला बघता ना, तसं."

ज्ञानेश्वरने पुन्हा मान पुढे केली. डावा डोळा आपोआप मिटला गेला. तो मिटल्याचं त्याला स्वतःला कळलंही नाही. पुनमने त्याच्या पापणीवर बोट टेकवलं, तेव्हा कळलं.

दोष त्याचा नव्हता. धुळ्याच्या चौथ्या गल्लीत, याच माडीवर, याच खिडकीपाशी तो मिसरूड फुटल्यापासून खडे बसवत आला होता. उजव्या डोळ्यात भिंग अडकवायचं, डावा मिटायचा आणि कोरणीच्या टोकाने खडा धरून ठेवणारी सोन्याची केसाएवढी नखं खड्यावर वाकवायची. त्याने बसवलेला खडा अंगठी झिजली तरी हलत नाही, असं सराफ बाजारात म्हणत. मग दोन वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेला एका बाईच्या अंगठीतला हिरा पडला. नशिबाने पर्समध्येच सापडला. ज्या सराफी दुकानाचं काम तो करायचा त्याचे मालक भूषणशेठ त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्या दिवसापासून बारीक खड्यांचं काम जळगावच्या कारखान्यात जाऊ लागलं. तिथली मुलं म्हणे यंत्राखाली बसून काम करत. ज्ञानेश्वरकडे यायचे ते तुटलेले पैंजण आणि साखळ्यांचे आकडे.

लेकीच्या हे लक्षात आलं होतं. ती जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. कोंबाचा टाचणीच्या डोक्याएवढा गाभा ती दिवसभर अशाच यंत्राखाली कापून काढायची. तिथे नवी यंत्रं आली, जुनी अडगळीत गेली. त्यातलं एक तिने रीतसर मागून घेतलं, ओढणीत गुंडाळलं आणि जळगावातल्या मेहरूणच्या आपल्या घरून एसटीने मांडीवर ठेवून धुळ्याला आणलं. कंडक्टरने विचारलं, बाळ आहे का? ती म्हणाली, हो, जपून चालवायला सांगा.

रविवारी संध्याकाळी ती परत गेली. जाताना दारात पुन्हा बजावून गेली, "घाई करू नका. डोकं दुखलं की उठा. पापण्या मिटत जा मधूनमधून."

*

डोकं दुखलंच. सोमवारी दुखलं, मंगळवारी दुखलं, बुधवारी तर मळमळून आलं. दोन चांद एकमेकांजवळ येत, एकमेकांवर चढत, क्षणभर वाटे की आता झाला एक, आणि कबड्डीतल्या गड्यांसारखे ते पुन्हा दोन बाजूंना पळत. ज्ञानेश्वर भुवया आवळून त्यांना धरायला बघे. जितकं धरायला जाई तितके ते निसटत.

त्याची बायको शेवंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून काळे मणी ओवत असे. गल्लीतल्या बायकांच्या मंगळसूत्रांच्या पोती ओवायला तिच्याकडेच येत. ती मान वर न करता विचारायची,

"डोकं दुखी ऱ्हायनं का?"

"नही."

"चहा मांडू का?"

"मांड."

पुनमचा फोन आला की तो सांगे, "जमतंय, जमतंय." शेवंता मणी ओवता ओवता त्याच्याकडे बघायची आणि पुन्हा खाली बघायची.

त्या आठवड्यात भूषणशेठकडून आलेली पैंजणांची जोडी त्याने यंत्र बाजूला सारून नेहमीच्या भिंगाने केली. काम ठीक झालं. पण ते झाल्यावर तो बराच वेळ खिडकीशी तसाच बसून राहिला. थंडीचे दिवस होते, ऊन अंगावर चांगलं लागत होतं. खाली कुणीतरी बोरं विकत चाललं होतं. आता उरलेलं आयुष्य पैंजण, असा विचार त्याच्या मनात आला आणि विशेष वाईटही वाटलं नाही. नुसता थकवा वाटला. सहज म्हणून, काही बघायचं नाही म्हणून, तो यंत्रापुढे सैल बसला. खांदे पडलेले, हात मांडीवर, नजर कुठेच नाही.

आणि चांद एक झाला.

पानावरचे दोन थेंब घरंगळत यावेत आणि एकाचं अंग दुसऱ्यात मिसळावं, तसा झाला. मधली काळी भिंत गेली. समोर एकच मोठा, उजेडाने भरलेला गोल होता आणि त्याच्या तळाशी काचेचा खडा एखाद्या विहिरीत उतरल्यासारखा बसला होता. विहिरीला काठ होता, भिंत होती, तळ होता. आयुष्यभर त्याने खडे पाहिले होते ते चपटे, कागदावर काढल्यासारखे. नख खड्याला टेकलं की नाही हे तो बोटांच्या अंदाजाने ओळखत आला होता. आता नख आणि खडा यांच्यामधली फट त्याला डोळ्यांनी दिसत होती. हात घालावा एवढी मोठी.

त्याने श्वास रोखून कोरणी उचलली. गोलात एक प्रचंड पोलादी टोक शिरलं, आणि ते त्याच्याच हाताचं होतं.

"पुनमनी माय!" तो ओरडला. "एक व्हयनं! इकडे ये!"

शेवंता पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, काही लागलं. ज्ञानेश्वर यंत्रावरून मान न काढता हसत होता. इतका हसताना तिने त्याला पुनमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"एक दिखस?"

"एक. अन् केवढं मोठं! विहीर शे विहीर."

ती थोडा वेळ त्याच्या मागे उभी राहिली. मग म्हणाली, "मी बी दखू का?"

"हाली जाई ना," यंत्रापुढे हात आडवा धरत तो म्हणाला. "आते बठ्ठं बराबर बसेल शे."

शेवंता बरं म्हणाली आणि भाकरीकडे गेली.

*

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. डावा डोळा उघडा ठेवायची सवय झाली, आणि मग एक गमतीची गोष्ट त्याच्या ध्यानात आली. उजव्या डोळ्याने एकट्याने पाहिलं की कडा दुधाळ दिसत; डाव्याने पाहिलं की लख्ख. चाळीस वर्षं कामाच्या वेळी मिटून ठेवलेला तो डोळा जणू आराम करून ताजातवाना उठला होता. ज्ञानेश्वरने पॉलिशवाल्या सुकदेवला हे सांगितलं, तेव्हा सुकदेव म्हणाला, "मग आता त्याच्याकडून काम करून घे, लई झोपला तो."

दुपारचं जेवण झालं की तो झालेलं काम पोचवायला बाजारात जाई आणि येताना सुकदेवच्या दुकानात चहाला थांबे. एका दुपारी त्याने पितळी पट्टीवर बसवलेले खडे भूषणशेठना दाखवले. शेठने पट्टी उजेडाकडे धरली, भिंगाखाली धरली, नखाने खडे खरवडून पाहिले. वयाने ज्ञानेश्वरपेक्षा बरेच लहान, पण माल बघताना त्यांचा चेहरा त्यांच्या वडिलांसारखा व्हायचा.

"ज्ञानेश्वरभाऊ, सात हिऱ्यांची चमकी आहे एक," ते शेवटी म्हणाले. "नाकातली. शिंदखेड्याची मुलगी आहे, लग्न पुढच्या महिन्यात. खडे फार बारीक आहेत. जळगावला पाठवणार होतो."

"द्या," ज्ञानेश्वर म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा आला.

त्याने पहिल्या दिवशी तीन हिरे बसवले. घाई केली नाही. पुनमने सांगितलं तसं मधूनमधून उठला, खिडकीतून लांब पाहिलं, पापण्या मिटल्या. रात्री शांत झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हिरे बसवले, जेवला, बाजारात जाऊन आला, पाय धुऊन यंत्रापुढे बसला.

दोन चांद. मधे काळं.

त्याने मान मागे घेतली, पुढे केली. खांदे सैल सोडले. लळिंगचा किल्ला आठवला. दोनच. उठून डोळ्यांवर गार पाणी मारलं, पदराच्या टोकाने पुसायला शेवंताला हाक मारणार होता, पण मारली नाही, धोतरानेच पुसले. परत बसला. दोनच, आणि तेही पुसट. पडलेला हिरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. चमकीतले पाच हिरे बसले होते, दोन डबीत होते, आणि शेठनी ते जळगावला पाठवायचं रद्द केलं होतं.

त्याने गच्चीवर जाऊन पुनमला फोन लावला, म्हणजे खाली ऐकू जाऊ नये.

"नळ्या कशा आहेत?" पुनमने विचारलं. "जवळ आल्यात की लांब गेल्यात?"

तो खाली जाऊन बघून आला. "जवळ आल्यात."

"मग त्याच सरकल्यात, आबा. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. थोड्या लांब करा, डावीकडचं कडं फिरवून घ्या, झालं. कुणी हात लावला का?"

"कोन लावंल? धक्का लागला असंल."

सांगितल्याप्रमाणे केल्यावर चांद एक झाला. ज्ञानेश्वरने मोठा श्वास सोडला. त्या दिवशी मात्र त्याने हिऱ्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दुपारी परत तेच झालं. या वेळी तो घाबरला नाही, नीट पाहू लागला. नळ्या जवळ. डाव्या नळीचं कडं फिरलेलं. आणि तो बसला होता ते फिरवून खालीवर करायचं स्टूल चार बोटं वर गेलेलं. धक्क्याने नळी सरकते. स्टूल नाही सरकत. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेवंता पाठमोरी बसून लसूण सोलत होती आणि एरवी सोलते त्यापेक्षा सावकाश सोलत होती.

त्याने स्टूल फिरवून खाली घेतलं, नळ्या लांब केल्या आणि सहावा हिरा बसवला.

*

त्याच्या पुढच्या दिवशी सुकदेवच्या दुकानाला कुलूप होतं. ज्ञानेश्वर लवकर परतला. थंडीसाठी त्याच्या पायात लोकरी मोजे होते, त्यामुळे जिन्यावर चपला वाजल्या नाहीत. दार लोटलेलं होतं, आणि फटीतून खिडकीचा उजेड दिसत होता.

शेवंता यंत्रापुढे बसली होती.

पाठ ताठ, मान मोकळी, कोपर टेबलाला टेकलेले. पुनमने त्या रविवारी जे जे सांगितलं होतं ते सगळं तिने उंबऱ्यात बसून ऐकलं होतं, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. डोळे काचेपासून बोटभर मागे. पापण्या मधूनमधून शांतपणे मिटत होत्या, उघडत होत्या. तिच्या हातात त्याची जुनी, मूठ झिजलेली कोरणी होती. पितळी पट्टीवर ती काहीतरी दाबत होती, थांबत होती, परत दाबत होती. ओठ थोडे उघडे होते. मणी ओवताना तिचा चेहरा असा नसे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती हे टेबल रोज झाडत आली होती. सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून खालची धूळसुद्धा जपून, ती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला द्यायला ठेवत आली होती. या बाजूला, खिडकीकडे तोंड करून, ती कधी बसलेली त्याने पाहिली नव्हती.

त्याच्या हत्यारांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. राग येईल म्हणून वाट बघत तो उभा राहिला. राग आला नाही. 'हाली जाई' असं आपण तिला म्हटलं होतं, एवढंच आठवलं.

तो आल्या पावली खाली उतरला. कोपऱ्यावर चहा घेतला, तो पिऊन झाल्यावर आणखी एक घेतला, आणि मग जिन्याच्या तळाशी उभं राहून जोराने खाकरला.

"पुनमनी माय! पानी दे व!"

वर आला तेव्हा ती स्वयंपाकघरात घासलेलीच ताटं पुन्हा घासत होती. तो पाणी प्यायला. ती तांब्या घेऊन आत गेल्यावर त्याने पट्टी उचलली. आपल्या खड्यांच्या ओळी संपल्यावर पुढचा भाग त्याने रिकामा ठेवला होता. तिथे आता एक नवी ओळ होती. पहिला खडा तिरपा, भोवती पितळेवर ओरखडेच ओरखडे. दुसरा जरा बरा. मग दोन रिकामी छिद्रं, तिथले खडे बहुधा उडून गेले असावेत. त्यापुढचा मात्र सरळ होता. आणि शेवटचा त्याने बोटाच्या नखाने खरवडून पाहिला, हलला नाही. खड्यावरची पितळी नखं सगळी पलीकडच्या बाजूने अलीकडे वाकवलेली होती. तो अशी कधीच वाकवत नसे. शेवंता मात्र मण्यातून सुई नेहमी पलीकडूनच अलीकडे घ्यायची.

त्याने यंत्रात पाहिलं. दोन चांद होते. त्याने नळ्यांना हात लावला नाही. टेबलाच्या खणातून अगदी बारीक टोकाची कोरणी काढली, आणि नळ्या जिथे थांबल्या होत्या तिथे, काळ्या रंगाखालचं पितळ दिसेल एवढी एक रेघ ओढली. मग त्या लांब करत नेल्या. चांद सरकत सरकत एक झाला. तिथे दुसरी रेघ ओढली. दोन्हींच्या मधे नखाएवढंही अंतर नव्हतं.

अंधार पडायच्या आत सातवा हिरा बसला.

*

सकाळी त्याने चमकी मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवली. जायला निघताना भूषणशेठकडून दुरुस्तीला आलेली एक चांदीची अंगठी लाखेवर बसवून यंत्राखाली ठेवली.

"ह्या अंगठीनं एक नख उचलाई जायेल शे," तो चपला शोधता शोधता म्हणाला. "खडा साधाच शे. तू दाबशी का?"

शेवंता फडकं घेऊन टेबल पुसत होती. तिचा हात थांबला.

"माले काय येस?" ती म्हणाली.

ज्ञानेश्वरला एक चपल सापडली होती, दुसरी दाराआड होती. ती त्याने पायाने पुढे ओढली. शेवंता यंत्राकडे वाकून बघत होती. तिची बोटं नळ्यांवर होती.

"ह्या दोन रेघा कसान्या?"

"एक मनी," तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवत म्हणाला.

"अन् दुसरी?"

"दुसरीवर माले दोन दिखतस," तो म्हणाला.

खिडकीतून आलेलं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं. तिने फडक्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली.

"जेवाले कव्हय येशात?" तिने विचारलं.

"उशीर व्हई."

जिना उतरून तो गल्लीत आला. भूषणशेठचं दुकान डाव्या हाताला, गल्लीच्या तोंडाशीच होतं. शटर उघडल्याचा आवाज इथपर्यंत आला. ज्ञानेश्वरने खिशातली डबी चाचपली आणि तो उजवीकडे, पांझरा नदीच्या पुलाकडे, लांबच्या वाटेने चालू लागला.